पाठवणीचं गाणं

मांडवाच्या भोंग्यातून कॅसेटवरचा देवूचा आवाज आला तशी गोदूबाई वाळत घातलेले बोंबील तसेच टाकून उठली. केळीच्या पानाच्या तुकड्यावर तिने मूठभर भात आणि कालवणातला एक मासा घेतला, अंगणाच्या कडेला ठेवला, शेजारी पाण्याचा तांब्या टेकवला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. लग्नसराई होती आणि गावात चार मांडव पडले होते.

देवू, तिचा मुलगा, ओसरीवरून बघत होता. दहा वर्षं बोईसरच्या ऑर्केस्ट्रात सिनेमाच्या चालींवर स्वतःचे शब्द बसवून त्याने कामगारांना नाचवलं होतं. यंदा त्याला गावची गाणी आठवली. शब्द त्याचे, चाली आईच्या. कॅसेट निघाली आणि ऐकणाऱ्यांत दोन तट पडले. सालवडच्या खोल्यांतले कामगार म्हणाले, "देवूभाई, ये क्या रोना-धोना लाया? नाचनेवाला गाओ ना." गावातली म्हातारी माणसं डोळे पुसत म्हणाली, पोरगा आता कुठे घरी आला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथे विकलं ते गावातच. आईने मात्र बरं-वाईट काहीच म्हटलं नव्हतं, आणि त्याला ऐकायचं होतं ते तिचंच.

घोटाळा शेवटच्या गाण्यात होता. लग्नात देवांबरोबर घरातल्या मेलेल्या माणसांनाही नाव घेऊन मांडवात बोलवायचं, जेवू घालायचं आणि पाठवणीचं गाणं म्हणून परत धाडायचं, अशी रीत. ज्याने त्याने आपल्या घरची नावं घ्यायची. देवूने आई म्हणायची ती घेतली, आजा आणि बाप, आणि त्यांच्यामागून स्वतःहून नलूचं जोडलं: त्याची धाकटी बहीण, सोळाव्या वर्षी तापाने गेलेली. पाठवणी कॅसेटमध्ये मावली नाही म्हणून त्याने गाळली.

गावचे पंच कमलाकांत काल तोंडावर बोलले होते.

"तुजी मेलेली मानसं तू कोनाच्याबी मांडवात बोलवतंस? चायच्या टपरीवर बोलवतंस? आनि परत कोन धाडील त्यांना?"

देवूला लाज वाटली होती.

"आये, सकाळपासून काय खाल्लंस?"

"चाय घेतली."

"आनि भात?"

"भात दिला नाय का आता? बोलवल्यावर उपाशी ठेवू?"

त्याने आत वाकून पाहिलं. टोप खरवडलेला होता.

"माजं चुकलं, आये. उद्याच मुंबईला जातो, पाठवणी म्हनतो. नवीन कॅसेट काढतो. त्यांचीबी सुटका आनि तुजीबी."

गोदूबाईने हात वर करून त्याला गप्प केलं. भोंग्यातून आजाचं नाव आलं, बापाचं आलं. मग नलूचं. तिचे ओठ त्याच्या आवाजाबरोबर हलले.

"चांगलं म्हटलंस," ती म्हणाली. "तेरा वर्सं या घरात कोनी तिचं नाव घेतलं नवतं. तूबी नाय, मीबी नाय."

देवूने अंगणात उतरून तांब्या पानाजवळ सरकवला.

"पाठवणी शिकवीन तुला. मला येते सगळी." तिने पानावरची माशी हाकलली. "पन इतक्यात नको. पावसापरयंत ऱ्हाऊ दे तिला."