जोडीदार सोडून सगळं दोन

माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला आणि आमच्या संसाराचा पाण्याखालचा भाग संपला. डॉक्टरांनी कानात बारीक दिवा घालून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "स्कूबा बंद. आंघोळसुद्धा जरा जपूनच." बायको शेजारीच बसली होती. तिने माझा हात हातात घेतला, दोन मिनिटं चेहऱ्यावर योग्य तेवढं दुःख ठेवलं आणि दवाखान्याचा जिना उतरताना म्हणाली, "मग मी एकटीच जात जाईन."

सोळा वर्षं आम्ही जोडीने बुड्या मारल्या होत्या. तोंडात रेग्युलेटर असला की माणसाला फक्त श्वास घेता येतो, बोलता येत नाही. हा खेळ शोधणारा माणूस विवाहित असणार, याबद्दल मला शंका नाही. पण एकटीने? मी निवृत्त होईपर्यंत विमा कंपनीत होतो. माणसाला काय काय होऊ शकतं याची यादी करायचा मला पगार मिळायचा. तशी एक यादी करून मी तिला वाचून दाखवली. ती वाटाणे सोलत होती.

"पंचेचाळीस झाले," यादी संपल्यावर ती म्हणाली. "शेहेचाळिसावं राहिलं."

"कोणतं?"

"नवऱ्याची यादी ऐकता ऐकता झोप लागणे."

तळ्याकाठच्या क्लबमधली प्रशिक्षिका आमच्या मुलीच्या वयाची. ती आम्हाला काका-काकू म्हणते आणि त्याच वाक्यात हुकूम सोडते. तिने आम्हाला सामानाच्या खोलीतल्या बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. "काकू, एकट्याने बुडी मारायची तर ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते सगळं दोन हवं. हवा दोन ठिकाणी : पाठीवर मोठा सिलिंडर, कमरेला छोटा, आणि छोट्याचा रेग्युलेटर वेगळा. मास्क दोन, टॉर्च दोन, दोरीत अडकलं तर कापायला सुऱ्या दोन, वेळ आणि खोली दाखवणारी घड्याळं दोन."

"म्हणजे जोडीदार सोडून सगळं दोन," मी म्हणालो.

"बरोब्बर!" दोघी एका सुरात म्हणाल्या. टोमणा फुकट गेला.

महिनाभर बायकोने शिकवणी घेतली. शेवटची परीक्षा मात्र कोरड्यावरची होती. सामानात कोणीतरी मुद्दाम खोड्या करून ठेवायच्या, आणि एकट्याने जाणाऱ्याने त्या तासाभरात शोधून काढायच्या. किती आहेत ते सांगायचं नाही. सगळ्या सापडल्या तर त्याच दिवशी पाण्यात. एक जरी राहिली तर सहा महिन्यांनी पुन्हा यायचं.

"खोड्या तुम्हीच करणार का?" बायकोने विचारलं.

"घरचं कोणी असेल तर जास्त चांगलं. त्यांना आपण कुठे दुर्लक्ष करतो ते माहीत असतं."

"मग प्रश्नच मिटला. हे आहेत. छत्तीस वर्षांचा अनुभव."

खरं सांगतो, ती पास व्हायला मला नको होतं. सहा महिन्यांत माणसाचं मन बदलतं. मन नाही तर निदान गुडघे तरी बदलतात. म्हणून परीक्षेच्या सकाळी मी तासभर आधी क्लबवर गेलो, दार लावून घेतलं आणि सहा खोड्या केल्या. त्यांची यादी पाकिटात बंद करून प्रशिक्षिकेच्या हातात दिली. इतका तरुण मी बऱ्याच वर्षांत झालो नव्हतो.

पाच खोड्या गमतीच्या होत्या. सहावी खरी. वर येण्याआधी डायव्हर एक नारिंगी फुगा हवेने भरून वर सोडतो, म्हणजे होडीवाल्यांना कळतं की इथे खाली माणूस आहे. त्या फुग्याची तीस मीटर दोरी रिळावर गुंडाळलेली असते. मी ती सगळी उलगडली, रिळाला मारलेली शेवटची गाठ सोडवली आणि दोरी होती तशी गुंडाळून ठेवली. आता फुगा वर गेला की दोरीही त्याच्यामागे जाणार आणि हातात नुसतं रीळ राहणार. वरून बघून हे ओळखणं अशक्य होतं.

बायको आली, तिने केस बांधले आणि चष्मा लावला. तीस वर्षं तिने औषधाच्या दुकानात डॉक्टरांचं अक्षर वाचलं आहे. माझ्या खोड्या म्हणजे छापील मजकूर होता. मोठ्या सिलिंडरची अर्धवट उघडलेली चावी तिला पहिल्या मिनिटाला सापडली. सुरीच्या म्यानातून तिने लोणी लावायची सुरी काढली. "ही घरातली आहे. परत जाग्यावर ठेवा." टॉर्चमधला एक सेल उलटा होता, शिट्टीत कापूस होता, दुसऱ्या मास्कचा पट्टा एका बाजूने सुटा होता. वीस मिनिटांत पाच.

"शिट्टीत कापूस!" ती प्रशिक्षिकेला म्हणाली. "एवढ्यासाठी हे सकाळी न खाता निघाले."

मग तिने रीळ उचललं, फिरवून पाहिलं, फुग्याची गाठ ओढून पाहिली आणि खाली ठेवलं.

मी जिंकलो होतो. दोन मिनिटं फार बरं वाटलं. तिसऱ्या मिनिटाला मला दिसलं, की ती तळ्याच्या मधोमध आहे, हातात रिकामं रीळ आहे, आणि फुगा भलतीकडेच निघाला आहे. हे चित्र माझ्या पंचेचाळिसांत नव्हतं. सकाळी तिला हरवायला निघालेला मी, आता मनातल्या मनात म्हणत होतो, अगं, उचल ते रीळ. उचल ना!

मी खोकलो.

"खोकू नका," बायको म्हणाली. "खोकला म्हणजे मदत. मला मदत चालणार नाही."

"काका, बाहेर बसता का?" प्रशिक्षिका म्हणाली.

मी तोंडावर रुमाल धरला. बायकोने घड्याळं तपासली, पायातले फिन्स तपासले, पाण्याची बादलीसुद्धा तपासली. पंधरा मिनिटं उरली तेव्हा तिने पुन्हा रीळ हातात घेतलं, दोरीचं टोक दाराच्या कडीला अडकवलं आणि उलगडत निघाली : बाकाखालून, माझ्या खुर्चीच्या पायांतून, वाळत घातलेल्या पोशाखांमधून. तिसाव्या मीटरला दोरी रिळावरून सुटून जमिनीवर पडली.

तिने माझ्याकडे पाहिलं. "ही मात्र चांगली होती हं."

मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या, आणि मग हरलेला मीच हे आठवून थांबलो. प्रशिक्षिकेने पाकीट फोडलं. "सहा. सगळ्या सापडल्या काकू! चला, पाण्यात."

"थांब गं. सातवी राहिली."

"सातवी मी केलीच नाही," मी म्हणालो.

बायकोने छोटा सिलिंडर पुढे ओढला. तो माझा होता. आठ वर्षं मी तो कमरेला बांधून तिच्यामागे पोहत असे. तिची हवा संपलीच, तर माझ्याकडची द्यायला. काटा दोनशेवर होता, म्हणजे भरलेला. तिने चावी घट्ट बंद केली आणि रेग्युलेटरचं बटण दाबून नळीतली हवा सोडून दिली. काटा शून्यावर यायला हवा होता. तो दोनशेवरच राहिला.

प्रशिक्षिकेने दुसरा मीटर लावून चावी उघडली. आत बारा होते, म्हणजे जवळजवळ रिकामा.

"काका, हा शेवटचा भरला कधी?"

"भरायचा कशाला? कधी वापरलाच नाही."

"आणि रोज काटा बघत होतात?"

"प्रत्येक वेळी. दोनशे. एवढा भरवशाचा काटा मी पाहिला नाही."

मी बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. मग खुदकन आवाज आला. ती बाकावर बसून हसत होती, चष्मा काढून डोळे पुसत होती.

"म्हणजे आठ वर्षं मी एकटीच बुड्या मारत होते," ती म्हणाली. "आज फक्त कागद मिळतोय. आणि हे मला पंचेचाळीस धोके वाचून दाखवत होते!"

क्लबचा भरलेला सिलिंडर घेऊन ती पाण्यात उतरली. बारा मीटर, अर्धा तास. मी प्रशिक्षिकेबरोबर होडीत बसून बुडबुडे बघत राहिलो. बत्तिसाव्या मिनिटाला तिने वर येऊन मास्क कपाळावर सरकवला. नवं लग्न झालं तेव्हाही ती इतकी खूश दिसली नव्हती. मी होतो ना तेव्हा शेजारी.

"काय दिसलं?"

"मासा! एवढा मोठा. जवळ आला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं..."

ती घरी पोचेपर्यंत त्या माशाबद्दल बोलत होती. त्याचे कल्ले, त्याची एक फाटकी शेपटी, त्याचा नाक मुरडण्याचा भाव, जो म्हणे हुबेहूब माझ्या मोठ्या बहिणीचा. मी मध्ये मध्ये प्रश्न विचारत होतो. मी तिच्याबरोबर खाली असतो तर मलाही तो मासा दिसला असता, आणि विषय तिथेच संपला असता.