पहिली वीज

पॅनेलचं दार उघडून तिने तेलाच्या पंपाला जाणाऱ्या जाड काळ्या वायरीवर बोट ठेवलं आणि ती वायर कुठून येते ते सकाळपासून तिसऱ्यांदा पाहिलं. वायर काही तेवढ्यात वाट बदलणार नव्हती, पण जीव ठिकाणावर नसला की शहाणी माणसंही असलं काहीतरी करत बसतात.

"ताई, झिजेल हो ती बघून बघून," उस्ताद म्हणाला. इंजिनघरातल्या या सर्वांत जुन्या फिटरला खरं नावही असणार, पण ते पगाराच्या चिठ्ठीपुरतंच उरलं होतं.

"उस्ताद, हा तेलाचा पंप आधी बॅटऱ्यांवर चालायचा ना?"

"सरकारचं केंद्र होतं तोवर. कंपनीने घेतलं आणि पहिल्याच वर्षी बॅटऱ्या काढल्या. देखभाल परवडत नाही म्हणाले. पंपाला बाहेरच्या लाइनवरून वायर दिली. इंजिन काय, चालतंय की."

चालत होतं, हीच तर मेख होती. सगळीकडची वीज एकदम गेली, तर वीज केंद्रालाही सुरू व्हायला आधी थोडी वीज लागते. ती पहिली वीज हे इंजिन देणार. पण तेलाचा पंप फिरल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि पंपाला लागते तीच बाहेरची वीज. महिन्याच्या महिन्याला चाचणी व्हायची, तीही बाहेरची वीज चालू असताना; दर वेळी इंजिन झोकात सुरू व्हायचं. गेल्या चार वर्षांच्या चाचण्यांवर सही तिची होती. आपण इतके कसे आंधळे, या विचाराने तिचे कान तापले.

नवरा याच केंद्रात, भांडारात होता. तिने त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बॅटऱ्या परत बसवायला किती दिवस?" त्याने विचारलं.

"मागवण्यापासून धरलं तर तीन महिने."

"मग आज तोंड उघडू नकोस. सरकारी माणूस अकराला येतोय. पहिली वीज पुरवायचा पंधरा वर्षांचा करार आहे. तो झाला की बसवून घेऊ."

"करार झाल्यावर कोण बसवून देतंय?"

"करार नाही झाला तर केंद्राला कुलूप लागेल. आपण दोघंही एकदम घरी बसू, एवढं डोक्यात ठेव," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

त्याचं काही चूक नव्हतं, आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला.

तपासनीस वेळेवर आला. बारीक अंगाचा, थकलेला माणूस. सोबत एकपानी फॉर्म. व्यवस्थापक त्याच्या पुढेपुढे करत होते. सरकारचं नवं धोरण किती दूरदृष्टीचं आहे, खासगी कंपनीच पुरवठ्याची हमी कशी देऊ शकते, असं त्यांचं चाललं होतं. तपासनीस मान हलवत होता. अशी भाषणं त्याने बरीच पचवली असावीत.

"मॅडम, करा सुरू," व्यवस्थापक म्हणाले.

ती पॅनेलपाशी गेली. तिने हात कुडत्याला पुसला. सुरू करायचं बटण उजवीकडे होतं. तिचा हात डावीकडे गेला आणि तिने बाहेरच्या विजेचा मुख्य स्विच खाली ओढला.

इंजिनघरातले दिवे गेले, पंखे मंदावत थांबले. खिडक्यांतून उन्हाचे पट्टे तेवढे आत आले. मग तिने बटण दाबलं. टिक आवाज झाला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा टिक.

"हे काय चालवलंय?" व्यवस्थापकांचा आवाज चिरकला.

"वीज गेल्यावर कामाला येणारं इंजिन आहे, सर. म्हणून वीज घालवून बघितलं."

उस्तादने डोक्यावरची टोपी काढली आणि उगाच झटकली.

"साहेब, स्विच वर करून पुन्हा घेऊ या," व्यवस्थापक घाईने तपासनिसाकडे वळले. "नेहमी तशीच घेतो आम्ही. एका झटक्यात सुरू होईल, शब्द देतो."

आता हा माणूस फॉर्मवर काट मारणार आणि आपला संसार त्या काटेखाली जाणार, असं तिला स्वच्छ दिसत होतं. तिने कठड्याला धरलं. तपासनिसाने पेन उघडलं होतं, पण तो लिहीत नव्हता.

"पहिली वीज देणारी देशात बाराच केंद्रं आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "अकरांवर माझी सही झाली आहे. सगळीकडे एका झटक्यातच सुरू झालं."

"तिथे मुख्य स्विच खाली केला होता का, साहेब?" तिने विचारलं.

त्याने मान वर करून विझलेल्या दिव्यांकडे पाहिलं.

"दिवे चालू होते," तो म्हणाला. "अकराही ठिकाणी."