दादाच्या कामावरची सही

"नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस. बोट घाल, चाचपून बघ, मगच सही कर."

दादाचा हा आवाज त्याच्या धाकट्या बहिणीच्या कानात इतका मुरला होता की विमानाच्या पोटात वाकताना तो तिला रोज ऐकू येई. विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये तिला कामाला लावलं ते दादानेच. पुढे ती परीक्षा देऊन तपासनीस झाली, दादा मेकॅनिकच राहिला. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. "काय इन्स्पेक्टरीणबाई, पास का नापास?" असं चारचौघांत हसत विचारायचा.

बाकीच्यांचं काम ती कसून तपासायची. "बाईंचं बोट आहे की जकातनाका?" म्हणून मेकॅनिक कुरकुरत. दादाच्या कामावर मात्र ती लांबूनच टॉर्च मारायची. ज्याने शिकवलं त्याच्याच कामात सगळ्यांदेखत बोट घालायचं, हे तिच्या जिवावर यायचं.

त्या सकाळी दादाने एका विमानाच्या शेपटीतला सांधा बदलला होता. बोल्टवर नट, नट सैल होऊ नये म्हणून त्यातून आरपार पिन, आणि पिन गळू नये म्हणून तिची टोकं वाकवायची. तिने टॉर्च मारला. पिन चमकली. तिने सही केली, दादाने झाकण लावलं. विमान संध्याकाळी उडणार होतं.

दुपारी दोघं घरी जेवायला बसली. दादाने पाणी घ्यायला हात पुढे केला तो पेल्याच्या शेजारी, रिकाम्या जागेवर पडला.

"घ्या! समोरचा पेला दिसेना," वाढता वाढता वहिनी म्हणाली. "डॉक्टरकडे चला म्हटलं की यांचं आपलं उद्या."

"अगं, माझ्या हातांना दिसतं."

धाकटीचा घास हातातच राहिला. "दादा, सकाळच्या पिनेची टोकं वाकवलीस ना?"

"म्हणजे काय! जन्म गेला माझा यात."

"कुठल्या बाजूला वाकवलीस?"

दादा चावायचा थांबला. "पक्कड घेतली... तेवढ्यात पलीकडून हाक आली म्हणून गेलो. परत आलो तर तू टॉर्च घेऊन उभी." मग हळूच म्हणाला, "तू बघितलंस ना?"

"तू केलंयस म्हणून नीट नाही बघितलं."

"आणि मी म्हटलं, काही राहिलंच असेल तर तू आहेस की."

धाकटीने उष्ट्या हातानेच शिफ्टच्या साहेबांना फोन लावला. "साहेब, ते विमान सोडू नका. शेपटीचं झाकण उघडायचंय."

"आता? अहो, सही तर तुमचीच आहे!"

"माझीच आहे. पण न बघता केलीय."

"काय बोलताय कळतंय ना? चौकशी लागेल. तुमच्यावर, आणि तुमच्या भावावरही."

"कळतंय."

"थांबवतो. या लगेच."

फोन ठेवताच वहिनी उसळली. "अगं, यांची निवृत्ती तोंडावर आलीय! आधी गुपचूप जाऊन बघायचंस तरी!"

"आणि मी पोचायच्या आत उडालं असतं तर, वहिनी? आत बसणारेही कुणाचे तरी असतात."

"आणि टोकं वाकलेली निघाली म्हणजे?"

"देव करो नि तसंच असो. तरी माझी सही खोटीच."

डोळ्यांना पदर लावून वहिनी आत गेली.

दादा हात धुऊन आला आणि भिंतीला टेकून बसला. "मी येत नाही. मी समोर असलो की तुझा हात पुन्हा अडखळेल. पण एक कर. झाकण उघडलंस की पहिला फोन मला. पिन सरळ असली तर सरळ म्हणायचं. भाऊ आहे म्हणून गोड करून सांगायचं नाही. शब्द दे."

"दिला, दादा."

तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, चपला घातल्या, आवाज न करता दार ओढून घेतलं आणि हँगरकडे चालू लागली.