ते डाग फुगडीचे नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी अस्थिमज्जा आहे. जुनी म्हणजे चोवीस वर्षांची. कस्तुरीच्या जन्माआधीपासून मी तिच्या हाडांत राहते. तुम्ही मला कधी पाहिले नसेल, आणि देव करो, तशी वेळ न येवो.

हृदय जरा धडधडले की त्याच्यावर कविता होतात. माझी दखल कोण घेणार? तरी मी काम करत राहिले. अंगभर प्राणवायू नेणाऱ्या लाल पेशी घडवल्या, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घडवल्या आणि वाहते रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्सही. लहानपणी कस्तुरी गुडघे फोडून घ्यायची, आई फुंकर घालायची, रक्त थांबायचे आणि नाव फुंकरीचे व्हायचे. मला त्याचा रागही यायचा आणि हसूही.

लग्न होऊन कस्तुरी काशीला आली, मंगळागौरीच्या देवळाजवळच्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी घरात. नवरा निमिष बँकेत, सासूबाई शरदिनी आणि नणंद ऋता. सगळी माणसे जीव लावणारी. पण त्याच सुमारास माझ्या घरात भलतेच काही सुरू झाले. मीच घडवलेल्या पांढऱ्या पेशी माझ्यावर उलटल्या. रोज माझा थोडा भाग मरू लागला आणि त्या जागी नुसती चरबी साठू लागली. बाहेर कोणाला पत्ताही नव्हता.

उत्तरेकडच्या शेजाऱ्यांचा सावन पंधरा दिवस आधीच लागतो; तो अर्धा सरला, तेव्हा आपला श्रावण लागला. कस्तुरीची पहिली मंगळागौर. पूजा झाली, दुपारी बायका जमल्या, झिम्मा-फुगड्या रंगल्या. कस्तुरी मधेच धापा टाकत खाली बसली.

“वहिनी, इतक्यात थकलीस? अभी तो शुरुआत है!” ऋता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या दंडांवर आणि मांड्यांवर निळे-काळे डाग उठले. सासूबाईंनी मायेने तेल चोळले. “दणकून फुगड्या घातल्यास ना, निशाण तर पडणारच!” सगळ्या हसल्या, कस्तुरीही हसली. मी हाडाच्या आत जीव तोडून ओरडत होते की अगं, हे फुगडीचे नाही, माझ्याकडच्या प्लेटलेट्स संपत आल्या आहेत. पण हाडातला आवाज कोणाला ऐकू जातो?

पुढच्या मंगळवारी हिरड्यांतून रक्त आले, ते उपासाच्या उष्णतेवर ढकलले गेले. चेहरा पांढराफटक पडला, तोही उपासावरच. त्यानंतरच्या मंगळागौरीला आरतीच्या वेळी नाकातून रक्ताची धार लागली आणि ती थांबेना. तेव्हा कुठे निमिष घाबरून तिला रुग्णालयात घेऊन धावला.

तिथे कमरेच्या हाडात सुई घालून माझा थोडा नमुना बाहेर काढला. तपासून डॉक्टर म्हणाले, “मज्जा बहुत कम बची है। कोई सगा भाई-बहन है?”

तिचा भाऊ निनाद आला. त्याची मज्जा जुळली. ती कस्तुरीच्या अंगात घालून रुजली तर कस्तुरी वाचणार होती. मात्र तिला जागा करून देण्यासाठी माझे जे काही उरले होते, ते औषधाने मारावे लागणार होते. त्याचे मला दुःख नाही. भीती वाटते ती मधल्या दिवसांची. जुनी मेलेली आणि नवी अजून रुजलेली नाही, अशा दिवसांत जंतूंना अडवायला अंगात कोणीच नसते.

आज तेच दिवस चालू आहेत. निनादची मज्जा शिरेतून आत आली आहे, पण अजून तिने काम हाती घेतलेले नाही. मी शेवटचे काही थेंब उरले आहे. आणि कस्तुरीला एकटीला ठेवलेल्या खोलीच्या काचेच्या दाराशी शरदिनीबाई तांब्याचा गडू घेऊन उभ्या आहेत. त्यात पंचगंगा घाटावरून भरून आणलेले गंगाजल आहे. नर्सने बजावले होते, बाहेरचे काहीही चालणार नाही, थेंबभर पाण्यातले जंतूही जिवावर बेततील. पण ती आत्ता दुसऱ्या रुग्णाकडे गेली आहे.

“गंगाजलाने कुणाचं वाईट झालंय का कधी?” त्या पुटपुटतात. “फक्त ओठ ओले करते, बस.”

मित्रांनो, त्या वाईट नाहीत. या घरात कस्तुरीवर त्यांच्याइतकी माया कोणाचीच नसेल. पण आजारी माणसापाशी नुसती माया पुरत नाही, आधी विचारावे लागते. एवढे एक माझे ऐका.

दार उघडले आहे. सासूबाईंना कस्तुरी कधीच नाही म्हणत नाही. तिने हात जोडले आहेत, तोंड उघडले आहे. गडू कलतो आहे. मित्रांनो, कोणीतरी त्यांचा हात धरा.