डाव्या हाताची तर्जनी

ताई जन्मापासून आंधळी. ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात ती प्रूफं तपासायची. डोळस वाचककाका मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचे आणि तिची डावी तर्जनी कागदावरच्या उठावाच्या ठिपक्यांवरून सरकत जायची. चूक लागली की ती म्हणायची, "थांबा काका, खडा लागला!" तिथे तिच्या बोटाचा शब्द शेवटचा असे.

घरी तिचं नायलॉनच्या तारांचं जुनं युकुलेले होतं, छोट्या गिटारसारखं वाद्य. आवाज गोड, पण सूर उमटला की लगेच विझायचा. एकदा भाऊ तिला वाद्यांच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं स्टीलच्या तारांचं इलेक्ट्रिक युकुलेले तिच्या मांडीवर ठेवलं आणि अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला. तिनं तार छेडली, दाबलेलं बोट जरा ओढलं. सूर गळ्यातून निघावा तसा वर चढला आणि संपेचना. ताई भर दुकानात खळखळून हसली.

"दादा, हे रडतंसुद्धा रे!"

"तारांना धार आहे हं," दुकानदार म्हणाला. "आधी बोटं सोलतात. मग घट्टे पडले की त्रास संपतो."

त्रास संपतो, एवढंच तिनं ऐकलं.

बोटं सोलली, नुसती आग आग झाली. तिनं दातओठ खाऊन वाजवलं. घट्टे पडले तसे सूर हवे तसे वळू लागले. वहिनी हातातलं काम टाकून दारात उभी राहायची. छापखान्यात मात्र ताई म्हणू लागली, "काका, जरा हळू वाचा ना."

मग गणिताचं पुस्तक आलं.

"ताई, उत्तर पाच आहे," काका म्हणाले.

"पाचच तर आहे."

"अगं, नऊ छापलंय. मला दिसतंय ना."

दोन्ही आकड्यांत दोनच ठिपके, फक्त तिरकेपणा उलटा. तिनं पुन्हा बोट फिरवलं. कागद कोराच लागला.

त्याच दिवशी वाद्य कपाटात गेलं. कोमट पाणी झालं, तेल झालं, टाचा घासायची वजरी झाली. बोट काही ऐकेना. शेवटी धीर सुटला आणि भावाच्या हत्यारांतला काचपेपर घेऊन ती घट्टा घासत सुटली. भाऊ धावत आला तेव्हा बोट रक्तानं माखलं होतं.

"वेडी आहेस का गं!"

"मला माझी अक्षरं हवीत, दादा!"

जखम चिघळली. भरली तेव्हा टोकाला कडक वण राहिला. तिथली जाणीव परत येईल असं डॉक्टरांना सांगवेना. उजवं बोट पहिलीतल्या पोरासारखं अडखळत वाचायचं. छापखाना चालवणाऱ्या बाईंनी जड मनानं तिला बांधणी विभागात बसवलं. भिंतीपलीकडून काकांचा आवाज येई, आणि तिचं बोट आपसूक तिच्याच गुडघ्यावर सरकत राही.

"ते वाद्य विकून टाकू का?" भावानं एकदा विचारलं.

"नको. वाचणं गेलं, आता तेवढं तरी राहू दे."

तिनं ते मांडीवर घेतलं, तर्जनी तारेवर दाबली आणि छेडलं. नुसतीच खरखर आली. बोट तारेवर होतं की शेजारी, तिला कळलंच नाही. तिनं बोट किंचित हलवलं, पुन्हा छेडलं. पुन्हा खरखर. वहिनी दारात येऊन उभी राहिली. ताई कानांनी तार शोधत राहिली.