पाच नंबरचा बोल्ट

काशिराम मिस्त्रीला त्या मुंबईच्या साहेबाचा पहिल्या दिवसापासून संशय होता. पनवेलच्या खाडीपुलाचे हातभर लांब बोल्ट तो अकरा वर्षं हातोडीने ठोकून, कान देऊन तपासत आला होता. आणि १९६४ साली हा कमळाकर साहेब एक पेटी घेऊन उगवला. बोल्टच्या डोक्याला तेल लावायचा, त्यावर रुपयाएवढी चकती दाबायचा आणि पेटीच्या काचेवरची हिरवी रेघ बघत बसायचा.

"आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत जातो. चीर लागली की अर्ध्यातूनच परततो, आणि ही रेघ उडते," तो म्हणाला. "पाच नंबरला चीर आहे."

"नट न काढता तुमाला आतलं कलतं?"

साहेब नुसता हसला. ते हसणं काशिरामला अजिबात आवडलं नाही. पाच नंबर कालच खणखणीत वाजला होता. नवे बोल्ट खपवायला कुणीतरी याला धाडलाय, असं त्याने मनाशी धरलं.

संध्याकाळी मेहुण्याला, दादूला, हाताशी घेऊन त्याने पाच आणि अकरा नंबरच्या बोल्टांची अदलाबदल केली. काढलेल्या पाच नंबरच्या आट्यांवरून नख फिरवलं. कुठे काही लागलं नाही.

सकाळी तो म्हणाला, "सायब, परत एकदा बघा."

पाचव्या जागी रेघ शांत राहिली. साहेबाने बोल्ट पुसला, पुन्हा तेल लावलं, पुन्हा चकती दाबली. काशिराम मिशीत हसत होता. साहेब पुढे सरकला. अकराव्या जागी रेघ टुणकन वर उडाली.

साहेबाने मान वर केली. "मिस्त्री, तुम्ही बोल्ट हलवलेत."

काशिरामने अकराव्या जागेचा नट सोडवला, बोल्ट उपसला, घासलेटात धुतला, कोरडा पुसला आणि वर खडूची पूड चोपडली. चीर असलीच तर तिच्यात शिरलेलं घासलेट पुडीत पाझरणार होतं. दोघे उन्हात उकिडवे बसून राहिले. बऱ्याच वेळाने नटाखालच्या पहिल्या आट्याच्या तळाशी, पांढऱ्या पुडीत, केसाएवढी ओली काळी रेघ उमटली.

उरलेले सगळे बोल्ट काशिरामच्याच कानाच्या भरवशावर होते.

"पलीकडच्या बाजूचे किती बघून झाले?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

पळस्प्याकडून विटांचा ट्रक येत होता. काशिराम उठला आणि दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ड्रायव्हरने शिव्या हासडल्या, भोंगा वाजवला.

"पूल बंद हाय," काशिराम म्हणाला.

"कुणी केला बंद?"

"मी."