सत्त्याण्णवचा फोटो

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कंपनीने रणजीतकडे चारशे माणसांचं मनोबल सोपवलं होतं. लोक घरोघरी तापाने फणफणत होते, पण दर बुधवारी त्याच्या ऑनलाइन सत्राला लॅपटॉपसमोर बसून कणखर होत होते. गैरहजेरीचा पगार कापत नसत. नाव तेवढं लक्षात ठेवत.

बंगळूरमधल्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्येही त्याने हाच कारभार लावला होता. घरात वाईट बातमीला बंदी. शहरातल्याच शिवाजीनगरचं टेलरिंगचं दुकान बंद करून राहायला आलेले त्याचे अण्णा, म्हणजे वडील भगवंतराव, आणि अक्का, म्हणजे आई सगुणाबाई, दोघंही बाधित होऊन आतल्या खोलीत कडी लावून होते. आईचा ताप लगेच उतरला, वडिलांचा खोकला मात्र राहिला. जेवणाची ताटं दाराशी ठेवायची आणि आतून रोज सकाळी अण्णांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा फोटो यायचा. सत्त्याण्णव. खाली आईचा निरोप : अण्णांना स्वल्प थकवा, बाकी छान.

आकडा घसरला तर इस्पितळ, असं ठरलं होतं. ते कोणी बोलून दाखवत नसे. धाकटा काका गुंडो महिन्यापूर्वी ॲम्ब्युलन्समध्ये चालत चढला होता. परत आला तो त्याचा मोबाईल.

‘आतून आता खोकलासुद्धा ऐकू येत नाही हो,’ असं त्याची बायको हर्षिता सकाळी म्हणाली, तेव्हा यालाच सुधारणा म्हणतात, असं रणजीतने तिला समजावलं.

त्या बुधवारी तो रंगात आला होता. सकारात्मक विचारांचा पुरावा म्हणून त्याने अण्णांचा त्या दिवशीचा फोटो स्क्रीनवर लावला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून मोठा केला. सत्त्याण्णव भिंतीएवढं झालं. त्याबरोबर हातही मोठा झाला. मनगटाजवळ तीन हिरवे ठिपके होते. मोबाईलवर ते मळासारखे दिसायचे.

ते गोंदण होतं. अण्णांच्या हातावर गोंदण नव्हतं.

रणजीतने सर्वांना डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांगितलं, तो धरून ठेवायला सांगितलं आणि तो उठला.

बराच वेळ दार वाजवल्यावर सगुणाबाईंनी कडी काढली. भगवंतराव पलंगाच्या कडेला, पुढची खुर्ची दोन्ही हातांनी धरून, वाकून बसले होते. ओठ जांभळट दिसत होते. खांदे वरखाली होत होते, पण आवाज नव्हता. रणजीतने ऑक्सिमीटर त्यांच्याच बोटाला लावला. एकोणऐंशी.

“अक्का, हे कधीपासून?”

“रविवारपासून,” सगुणाबाई म्हणाल्या. “हे म्हणाले, पोराला टेन्शन नको. आणि तूच म्हणालास ना, वाईट काही सांगायचं नाही.”

त्याने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. आपण रांगेत आहात, असं एक गोड आवाज कन्नडमध्ये सांगू लागला. रणजीत वडिलांसमोर उकिडवा बसला. बुधवारी जसा हसायचा तसा हसला आणि म्हणाला, काही विशेष नाही, गाडी निघालीच आहे.

भगवंतरावांनी मान वर केली. बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

“हसू नको रे. तू हसलास... की मला... भीती वाटते.”

रणजीतने तोंड मिटायचा प्रयत्न केला. गालांना ते जमेना. फोनवरच्या बाईने पुन्हा सांगितलं की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.